कोलोनच्या ब्राउहाउसमधल्या कोबेसला, मनापासून आभार

प्रिय कोबेस,

तुमचे खरे नाव इथे लिहीत नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअरच्या पारंपरिक खानावळीत, निळा एप्रन बांधून बिअर वाढणाऱ्या प्रत्येकाला कोबेसच म्हणतात. याकोब या नावाचे ते इथल्या बोलीतले रूप. घरून येणाऱ्या पाहुण्यांना इथे जेवायला नेताना आम्ही मराठी मंडळी जे समजावून सांगतो, ते बहुतेक सगळे तुम्ही शिकवलेले. म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठे उपकार ग्लासाखालच्या त्या पुठ्ठ्याच्या चकतीचे. ग्लास रिकामा झाला की कोबेस न विचारता दुसरा ठेवतो आणि चकतीच्या कडेला पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असेल तर चकती ग्लासावर झाकायची. हे माहीत नसलेला माणूस ‘नको, नको’ म्हणत राहतो, अर्धा ग्लास संपवून बाजूला सारतो, आणि तेवढ्यात पुढचा येतो. त्या रेघा म्हणजेच बिल, त्यामुळे चकती भिजवू नये, फाडू नये, खिशात तर मुळीच घालू नये. सहा-सात जण असतील आणि पैसे वेगवेगळे द्यायचे असतील, तर बसतानाच प्रत्येकासाठी स्वतंत्र चकती मागावी. एकाच चकतीवर तीस रेघा झाल्यावर कोणाच्या किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

ग्लास एवढा लहान का, हेही तुम्हीच सांगितले. श्टांगं म्हणतात तो सरळ, पातळ काचेचा ग्लास फक्त 0.2 लिटरचा. कोल्श या इथल्या बिअरचा फेस लवकर बसतो आणि बिअर कोमट झाली की चव जाते, म्हणून थोडी थोडी, ताजी द्यायची. एवढे कळले की तुमची घाई उद्धटपणा वाटत नाही. पण नवख्यांना एक हिशोब आम्ही आवर्जून सांगतो: दहा ग्लास म्हणजे दोन लिटर, आणि कोल्शमध्ये साधारण 4.8 टक्के अल्कोहोल असते. लहान ग्लास फसवतो. आणि इथे आल्टबिअर मागू नये. ती ड्युसेलडॉर्फची, आणि त्या दोन शहरांचे जुने वैर आहे.

जेवणाच्या बाबतीत तुमचे ऋण याहून मोठे, कारण आमच्यातले निम्मे शाकाहारी. ‘हाल्वर हान’ म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, पण ताटात येतो राईचा पाव, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. नाव वाचून घाबरणारे चांगली गोष्ट सोडतात. ‘हिमेल उन एट’ मात्र उलटे: कुस्करलेला बटाटा आणि सफरचंदाची चटणी ऐकायला शाकाहारी, पण वर डुकराच्या रक्ताचे तळलेले सॉसेज असते. गावाकडची रक्ती आवडणाऱ्याने ते जरूर खावे. शाकाहाऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाचा रायबेकूखेन: कच्च्या बटाट्याचा कीस आणि कांदा तेलात कुरकुरीत तळून, सोबत सफरचंदाची चटणी. पण पिठात बहुधा अंडे असते, तेव्हा अंडे न खाणाऱ्याने आधी विचारावे. खरी चूक होते ती परतलेल्या बटाट्यांत आणि बटाट्याच्या सूपमध्ये. ‘मांस नको’ एवढेच म्हटले तरी बेकनचे तुकडे येतात, कारण अनेकांच्या लेखी ती फोडणी, मांस नव्हे. ‘ओनं फ्लाइश, ओनं श्पेक’ (मांस नको, बेकन नको) असे दोन्ही शब्द म्हणायचे, हे तुमचे वाक्य आम्ही आता सगळ्यांना पाठ करायला लावतो.

पाणी आपोआप आणि फुकट येत नाही. मागितले तर बुडबुड्यांचे येण्याची शक्यता जास्त, साधे हवे तर ‘श्टिलेस’ म्हणावे. ‘श्टामटिश’ लिहिलेल्या टेबलावर बसू नये, ते नेहमीच्या मंडळींचे असते. बाकी लांब बाकांवर जागा दिसली की विचारून अनोळखी लोकांशेजारी बसायला हरकत नाही. स्वयंपाकघर दारू बंद होण्याच्या बरेच आधी थांबते, म्हणून रात्री नवानंतर आलात तर आधी जेवण सांगावे, गप्पा नंतर.

आणि टिप. ती टेबलावर सोडून निघायचे नाही. बिल 46 युरो 20 सेंटचे असेल तर पन्नासची नोट देताना ‘श्टिम्ट झो’ म्हणायचे, म्हणजे उरलेले तुमचे. रोख रक्कम जवळ ठेवावी, कार्ड सगळीकडे चालतेच असे नाही.

जेवण झाल्यावर त्स्युल्पिशर श्ट्रासं या रस्त्यावर गर्दीत जायचे की बेल्जियन क्वार्टरमध्ये निवांत बसायचे, हे माणसाच्या वयापेक्षा मूडवर ठरवा, असे तुम्ही म्हणालात. खरे आहे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री ट्राम पहाटेपर्यंत धावतात, त्यामुळे टॅक्सीची चिंता नसते. फक्त वस्तीच्या गल्ल्यांत दहानंतर आवाज खाली ठेवावा.

येत्या शनिवारी आम्ही सहा जण येतोय. चौघे शाकाहारी, त्यातले दोघे अंडेही खात नाहीत. चकत्या वेगवेगळ्या ठेवाल ना?

तुमची आभारी,
कोलोनमधली मराठी मंडळी