ती लाल गाडी घेऊ दिली नाहीत, त्याबद्दल

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही जवळच्या गाडीचं बॉनेट उघडता आणि विषय बदलता. असं दोनतीनदा झालं. म्हणून हे उघड पत्र. चारचौघांसमोर लिहिलं की निदान तुम्हाला मध्येच बोलता तरी येणार नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी तुमचं गिऱ्हाईक नव्हतोच. गाडी दुसरीकडे ठरली होती: जॅग्वार ई-टाइप, १९६३ची, लाल, उघड्या टपाची. फक्त पैसे मोजायचे बाकी होते. कुणीतरी म्हणालं, या एकाच मॉडेलपायी बाकी सगळा धंदा सोडलेला माणूस आहे, एकदा त्यांच्या कानावर घाल. खरं सांगतो, मला तुमचं मत नको होतं, शाबासकी हवी होती.

त्यामुळे आल्या आल्या मी माझं सगळं पाठांतर ओकून टाकलं. मार्च १९६१, जिनिव्हाचं प्रदर्शन. विमानाच्या कारखान्यातून आलेले, या गाडीचा आकार ठरवणारे माल्कम सेयर आणि त्यांनी आकडेमोड करकरून काढलेली ती वळणं. १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या डी-टाइप या जॅग्वारच्याच शर्यतीच्या गाडीचा वारसा. ताशी दीडशे मैल. शिवाय एन्झो फेरारी यांनी हिला जगातली सगळ्यात सुंदर गाडी म्हटलं होतं, हेही.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "फेरारी तसं म्हणाले हे मी हजारदा ऐकलंय. कुठे आणि कधी म्हणाले, ते अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि दीडशे मैल धावली ती मासिकवाल्यांना दिलेली, हात फिरवून तयार केलेली गाडी. तुझी एकशेचाळीसला गेली तरी पेढे वाट." मी खट्टू झालो. आपल्या देवाची आरती चालू असताना पुजाऱ्यानेच खोकावं, तसं वाटलं.

पण सुट्टीच्या दिवशी, काही संबंध नसताना, तुम्ही माझ्याबरोबर ती गाडी बघायला आलात. तो तासाभराचा प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो.

तुम्ही रंगाकडे पाहिलंच नाहीत. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलंत आणि दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, हळूहळू सरकवत नेलंत. वीतभर चिकटून गेलं आणि मग तुमच्या हातातून सुटून टपकन खाली पडलं. तिथे पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी. गाडीच्या मालकांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. (त्यांचं नाव इथे नको. त्यांनाही ती तशीच कुणीतरी विकली असेल.)

मग तुम्ही दार लावून मला दाराच्या मागच्या फटीत बोट ठेवायला सांगितलंत आणि गाडी एका बाजूने जॅकवर उचलायला लावलीत. चाक जमिनीवरून सुटलं तशी ती फट वरच्या बाजूने मिटत आली. माझं बोट जवळजवळ चिमटलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हिला वर टप नाही. सगळा भार या दोन सिलांवर. त्या कुजल्या की गाडी मधून वाकते." मोनोकॉक बॉडी, म्हणजे वेगळा सांगाडा नसून पत्र्याच्या खोक्यानेच भार पेलायचा, हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं. कळलं ते त्या बोटाला.

शेवटी बॉनेट. ई-टाइपचं बॉनेट उघडताना गाडीचा अख्खा पुढचा भाग पुढे कलंडतो आणि इंजिन, चौकोनी नळ्यांचा सांगाडा, पुढचं सस्पेन्शन असं सगळं एकदम उघडं पडतं. ते दृश्य बघून माणूस विरघळतो, मीही विरघळलो. तुम्ही मात्र चष्मा कपाळावर सारून ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला इंजिनाचा नंबर वाचत होतात. सुरुवात '७ ई' अशी होती. म्हणजे ४.२ लिटरचं इंजिन, आणि ते १९६४च्या ऑक्टोबरआधी ई-टाइपमध्ये आलंच नाही. १९६३च्या अस्सल गाडीत ३.८ लिटरचं हवं आणि नंबर 'आर'ने सुरू व्हायला हवा. 'कारखान्यातून निघाली तशी' म्हणून मला विकायला काढलेली गाडी! इंजिन बदलणं हा काही गुन्हा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. तसं सांगून विकावं आणि त्या हिशोबाने भाव लावावा, एवढंच.

परतताना मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही. रागच आला होता. आज कबूल करतो.

पुढचं वर्षभर मी तुमच्या गॅरेजमध्ये येत राहिलो, आणि तुमचं प्रेम काय जातीचं आहे ते तिथे हळूहळू कळलं. एरवी लोक ज्या गाडीवर जीव टाकतात तिचे दोष झाकतात. तुम्ही ते मोजून सांगता. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून आत डिफरन्शिअलला, म्हणजे दोन मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीला, चिकटून आहेत. वजनाच्या हिशोबात फार हुशारी, पण नीट काम करायचं तर हे सगळं ज्यात बसवलंय तो मागचा अख्खा पिंजरा खाली उतरवा. क्लच बदलायचा? बॉनेट काढा, मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर. सगळ्यात पहिल्या गाड्यांचा तळ इतका सपाट की उंच माणसाचे पाय मावत नाहीत, आणि संग्राहक नेमक्या त्याच गाड्यांना जास्त पैसे देतात. "गैरसोयीचा प्रीमियम," असं म्हणून तुम्ही हसता.

तुमचा जीव १९६४ ते ६७च्या ४.२वर. ताकद कागदावर तेवढीच, २६५ हॉर्सपॉवर, पण इंजिन सावकाश फिरत असतानाही ओढ जास्त. पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे दात न खडखडता जुळवून घेणारी सोय, त्यामुळे गिअर टाकताना दात-ओठ खायला नकोत. सीटवर बसवतं. आणि हेडलाइटवर अजून काच आहे. त्या काचा पुढे अमेरिकेच्या नियमांपायी गेल्या, हे सांगताना तुमचा आवाज घरातलं कुणी गेल्यासारखा होतो. १९७१च्या बारा सिलिंडरवाल्या गाडीला तुम्ही नावं ठेवत नाही. विकतही नाही. यावर आपलं एकमत होणार नाही, मला ती आवडते.

कार्बोरेटरचा धडा तर मी जन्मात विसरणार नाही. इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे तीन एसयू कंपनीचे कार्बोरेटर, तिन्ही सारखीच हवा ओढताहेत की नाही हे बघायला तुम्ही यंत्र आणलं नाहीत. हातभर रबरी नळी दिलीत. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. पहिला फुसफुसतो, दुसरा फुसफुसतो, तिसरा किंचित शिट्टी घालतो. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, परत ऐकायचं. पहिल्या दिवशी मला तिन्ही एकसारखेच वाटले. तुम्ही म्हणालात, "उद्या ये." उद्याही तेच. पाचव्या-सहाव्या खेपेला शिट्टी ऐकू आली आणि मी मुलासारखा ओरडलो.

आणि मग तो फोन. १९६६ची, बंद टपाची, राखाडी, रंग विटलेली, पुढच्या नाकाला पोचा आलेला. "दिसायला काही नाही. खालून बघायला ये," म्हणालात. कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचा दाखला तुम्ही आधीच मागवून ठेवला होतात: चासी, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स, चारही नंबर जुळत होते. चुंबक मीच फिरवलं. कुठेही पडलं नाही. नंतर कळलं की त्या गाडीसाठी माझ्याआधी दोघेजण तयार होते आणि दोघेही जास्त द्यायला राजी होते. का नाही दिली, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही बॉनेट उघडलंत.

म्हणून आभार, काका. त्या सुट्टीच्या दिवसासाठी, रबरी नळीसाठी, आणि सगळ्यात जास्त त्या लाल गाडीसाठी.

नळी अजून माझ्याकडेच आहे, परत करायची राहिली. पण परवापासून मधला कार्बोरेटर जरा जास्तच फुसफुसतोय. मला तसं वाटतंय तरी. रविवारी गाडी घेऊन येतो, तुम्ही एकदा कान लावा.

तुमचा,
चुंबकवाला