आईची खुर्ची हलवणाऱ्या मादामना

प्रिय मादाम,

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण आईला ते स्वतः वाचायचं आहे. तुम्हाला फ्रेंचमध्ये वेगळं पाठवलंय, पण मनातलं सगळं त्यात उतरलं नाही.

आईला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. उजव्या कानाला मशीन आहे, पण गर्दीत त्याचा उपयोग कमीच; भांड्यांचा आवाज आणि माणसांचा आवाज, दोन्ही सारखेच अंगावर येतात. म्हणून हॉटेलात गेलं की ती गप्प होते आणि लोकांना वाटतं, आजींना काही कळत नाही. तुमच्याकडे आलो त्याच दुपारी तटबंदीलगतच्या एका हॉटेलातल्या वेटरने तिच्यादेखत मला विचारलं, ‘यांना काय चालेल?’ मेनू तिच्या हातात होता. गाण्याचा स्पीकर जरा हळू कराल का म्हटलं, तर त्याने नुसते खांदे उडवले. आणि परक्यांना तरी काय बोलायचं? आमच्याकडच्या लग्नांतही हल्ली तिला मागे, भिंतीकडेला बसवतात. ‘ऐकू येत नाही ना, निवांत बसतील तिथे.’ बोलणारी माणसं शिकलेली आहेत, घरची आहेत. मला त्यांचा अजून राग येतो.

त्यामुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सँ-मालोच्या त्या गल्लीत तुमच्या क्रेपरीचं, म्हणजे पातळ धिरड्यांच्या हॉटेलचं, दार उघडल्यावर गाण्याचा गजर ऐकला आणि मी मागे फिरणार होते. आत खलाशांची गाणी म्हणणारी मंडळी लांब टेबलाभोवती दाटीवाटीने बसली होती. तुम्ही ‘या, या’ म्हणत आत घेतलंत. अंडं-मांस चालत नाही म्हटल्यावर तवा पुसून कुट्टूच्या पिठाची गालेत, म्हणजे तुमच्याकडचं तिखटमिठाचं धिरडं, केलीत, चीज आणि मश्रूम घालून. आईने आमच्या घावनाची चुलत बहीण म्हणून ती आवडीने खाल्ली. बाकीचे सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पीत होते, तसल्याच मातीच्या वाडग्यात तिला सफरचंदाचा रस दिलात.

पण हे पत्र खुर्चीसाठी आहे. आई उजव्या कानामागे हात धरून बसली होती. तिचं ते कायमचंच आहे, माझ्याही लक्षात येत नाही आता. तुमच्या दोन्ही हातांत भरलेल्या ताटल्या होत्या. तुम्ही थांबलात, ताटल्या शेजारच्या टेबलावर ठेवल्यात, आईच्या खांद्याला हात लावून तिला उठवलंत आणि तिची खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलीत. आता तिचा उजवा कान गाणाऱ्यांकडे होता. कुणाला काही विचारलं नाहीत, मोठ्याने बोलला नाहीत, मला ‘यांना ऐकू येत नाही का?’ असंही म्हटलं नाहीत. ताटल्या उचलल्यात आणि कामाला गेलात. ज्यांना त्या गार झालेल्या ताटल्या मिळाल्या, त्यांचेही आभार.

पुढे जे झालं ते तुम्ही धावपळीत नीट पाहिलं नसेल, म्हणून सांगते. त्या गाण्यांत एकजण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. नांगर ओढायला कॅप्स्टनभोवती, म्हणजे दोर गुंडाळायच्या उभ्या रहाटाभोवती, फिरणाऱ्यांची पावलं एकत्र पडावीत, शिडाचा दोर सगळ्यांनी एकाच क्षणी खेचावा, म्हणून जहाजावर ही गाणी म्हणत. तुमच्या गावचे लोक कॉड मासे पकडायला अटलांटिकपलीकडे थेट न्यूफाउंडलंडपर्यंत जायचे, महिनोन्‌महिने परतायचे नाहीत. कमी ऐकू येणाऱ्याला एकदा निसटलेलं वाक्य सहसा परत मिळत नाही. ‘काय म्हणालात?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, जाऊ दे.’ इथे मात्र प्रत्येक ओळ दुसऱ्यांदा येत होती, तीही सगळ्या खोलीच्या गळ्यातून. आई जन्मभर भजनी मंडळात गायलेली. बुवांनी टाकलेली ओळ टाळकऱ्यांनी उचलायची, हे तिला कुणी शिकवायला नको. आधी तिने टेबलावर ताल धरला. मग नुसते स्वर लावले. आणि एका गाण्याच्या शेवटी ती खणखणीत आवाजात सगळ्यांबरोबर म्हणत होती, फ्रेंचचा एक शब्द येत नसताना, सुराला पक्की. समोरच्या दाढीवाल्या काकांनी तिच्याकडे बघून वाडगा उंचावला. मी तिचा तो आवाज बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता.

माणसाला चांगलं वागायला फार काही लागत नाही असं म्हणतात, ते मला पटत नाही. समोरच्याकडे बघावं लागतं, आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या संध्याकाळी तेवढी उसंत काढणं सोपं नाही. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा फ्रेंच सेनानी ला बूर्दोने सँ-मालोचाच. आमच्या घरात मात्र या गावाचं नाव निघालं की आठवण तुमची निघते.

आईचा निरोप जसाच्या तसा लिहिते: ‘त्या बाईंना सांग, आषाढी एकादशीला आमच्या मंडळाचं भजन असतं, कराडला या. उतरायचं आपल्याच घरी. ओळ मी टाकीन, त्यांनी मागून म्हणायची.’

तुमची,
आईची मुलगी