एका तुकड्याला एकच प्रश्न

लातूर

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तू नांदेडहून पाठवलेली, हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतली फाइल वाचली. कोड नीटनेटका आहे, पण त्याला प्रयोग म्हणवत नाही. फाइल वाचणं, बेरीज आणि वेळ मोजणं तिन्ही एकाच ठिकाणी घुसवलंस. उत्तर चुकलं तर दोष नेमका कुठला, हे कसं सांगणार? कोडचा तुकडा वीस ओळींच्या आत ठेव. त्यात एकच गोष्ट तपास, आणि चालवण्याआधी तुझा अंदाज पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून लिही. त्याखाली कंपायलरची, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती लिही. कोड वेगवान करण्यासाठी तो जे फेरफार करतो ते, म्हणजे ऑप्टिमायझेशन, चालू की बंद, तेही लिही.

बेरीज आधी घेऊ. १ ते १ कोटीची बेरीज सूत्राने येते ५,००,००,००,५०,००,०००. हा आकडा हाताशी असू दे. आता ऑप्टिमायझेशन बंद ठेवून हीच बेरीज 'फोल्ड-एल'ने, म्हणजे यादीतला एकेक आकडा घेत पुढे जाणाऱ्या फंक्शनने, कर. तो चालता चालता बेरीज करतच नाही. 'नंतर करू' अशा नोंदी, म्हणजे थंक, एकापुढे एक लावत जातो आणि शेवटी सगळी साखळी उलगडतो, म्हणून मेमरी फुगते. त्याचंच दुसरं रूप 'फोल्ड-एल-प्राइम' दर पायरीला बेरीज उरकून टाकतो. 'ओ-टू' हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावलास की कंपायलर हे स्वतःच ओळखतो आणि फरक दिसेनासा होतो. बरेच जण इथेच फसतात आणि दोन्ही सारखेच असं धरून चालतात.

मेमरी बघायला प्रोग्राम आरटीएसच्या, म्हणजे हॅस्केलच्या रनटाइम सिस्टिमच्या, 'एस' पर्यायासह चालव आणि 'मॅक्झिमम रेसिडेन्सी'ची, म्हणजे एका वेळी वापरात असलेल्या सर्वाधिक मेमरीची, ओळ वाच. कंपाइल करताना 'आरटीएस-ऑप्ट्स' दिलं नसेल तर तो हा पर्याय नाकारतो. सोबत मोठ्या (कॅपिटल) 'एम' पर्यायाने २५६ एमबीची मर्यादा घाल, म्हणजे लॅपटॉप अडकून बसणार नाही, प्रोग्रामच थांबेल.

याच्या पुढची पायरी जास्त शिकवणारी आहे. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या अशी जोडी घेऊन 'फोल्ड-एल-प्राइम' लाव. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर मेमरी पुन्हा फुगते, कारण तो फक्त जोडीचं वरचं आवरण उघडतो. आतल्या दोन्ही नोंदी तशाच साठत राहतात. दोन्हींवर बँग पॅटर्न, म्हणजे 'आत्ताच उरकून टाक' सांगणारं उद्गारचिन्ह, लावलास की थांबतं.

आता रस्ट ही दुसरी भाषा घे. तिच्यात ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात १ पासून बेरीज करत जा. ६५,५३५ पर्यंत २,१४,७४,५०,८८० येते, आणि त्या प्रकाराची मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. पुढचा ६५,५३६ मिळवला की डीबग बिल्ड, म्हणजे चुका तपासत चालणारी बांधणी, पॅनिक होऊन (चूक सांगून) थांबते. रिलीज बिल्ड, म्हणजे प्रत्यक्ष वापरासाठीची वेगवान बांधणी, मात्र मुकाट्याने उणे २,१४,७४,५०,८८० छापते. तोच आकडा, फक्त चिन्ह उलटं! ही फोड कागदावर करून बघ. सी भाषेत हेच केलंस तर भाषेच्या नियमांप्रमाणे वर्तन अनिश्चित ठरतं, तेव्हा आलेल्या उत्तराचा अर्थ लावत बसू नकोस. असं वर्तन पकडणारा अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर लावून कंपाइल कर, तो ओळ क्रमांकासह चूक दाखवतो.

वेळ मोजताना एवढंच सांभाळ: ऑप्टिमायझेशन चालू असताना उत्तर कुठे वापरलंच नाही तर कंपायलर अख्खं लूप काढून टाकू शकतो. साधी बेरीज तर तो थेट सूत्रात बदलू शकतो, मग कोटी काय नि शंभर कोटी काय, वेळ तेवढाच. रस्टमध्ये 'ब्लॅक बॉक्स' फंक्शन यासाठीच आहे, १.६६ आवृत्तीपासून स्थिर.

आता आपल्या भाषेचं. दिसणारं अक्षर आणि संगणकाने साठवलेले बाइट यांत फरक असतो; इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या उदाहरणांत तो सहसा उघडा पडत नाही, म्हणून चाचणीसाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची नावं वापर. 'लातूर' घे. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. रस्टची 'लेन' १५ सांगते, कारण ती यूटीएफ-८चे, म्हणजे मजकूर साठवण्याच्या पद्धतीचे, बाइट मोजते. 'कॅर्स', म्हणजे युनिकोडची चिन्हं, मोजलीस तर ५, कारण काना आणि ऊकार वेगळे धरले जातात. पहिल्या बाइटवर कापायला गेलीस तर पॅनिक, तिसऱ्यावर कापलंस तर नुसता 'ल'. हॅस्केलमध्ये 'रिव्हर्स' केलंस की 'रतूला' नाही, 'रूताल' येतं, कारण मात्रा उडी मारून शेजारच्या अक्षराला चिकटतात. आणि 'प्रिंट'ने छापलंस तर अक्षरांऐवजी २३५४, २३६६, २३४०, २३७०, २३५२ असे आकडे दिसतील. ते बिघाड नाहीत, तुझ्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक आहेत. 'पुट-एसटीआर-एलएन' वापर. तरीही त्रुटी आली तर टर्मिनलचं लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीची सेटिंग, यूटीएफ-८ आहे का ते बघ.

एक प्रयोग तुझ्यावर सोपवतो. 'वाऱ्यावर' हा शब्द फोनवर टाइप कर, लॅपटॉपवर टाइप कर, आणि दोन्ही रस्टमध्ये बरोबरीच्या चिन्हाने ताडून बघ. एकसंध 'ऱ' असेल तर २४ बाइट येतील. २७ आले तर दोन शक्यता आहेत: र खाली नुक्ता (टिंब) देऊन 'ऱ' बनलाय, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आहे. नुक्त्याचं रूप युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करण्याच्या पद्धतीने, एकसंध होतं, जॉइनरचं होत नाही. तेव्हा नुसते बाइट मोजून थांबू नकोस, एकेक क्रमांक छापून बघ आणि दोन्ही यंत्रांचे आकडे मला रविवारच्या आत कळव. अंदाजाची ओळ आधी लिही.

तुझे
बाबा