पी५३ निगेटिव्ह म्हणजे धोका टळला, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत शिस्टोसोमा कृमी आणि मूत्राशयाचा कर्करोग यांवर लेख आला आहे. या विषयाला जागा दिलीत हे चांगलेच. पण त्यातली दोन विधाने दुरुस्त व्हायला हवीत. एक, हा रोग सदोष जनुके घेऊन जन्मलेल्यांनाच होतो. दुसरे, पी५३ची (पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकाची) चाचणी निगेटिव्ह आली की चिंता मिटली.

पहिल्याचे थोडक्यात. या कर्करोगात आढळणारे जनुकीय बदल बहुतांशी जन्मजात नसतात, ते मूत्राशयाच्या अस्तरातच घडतात. शिस्टोसोमा हिमॅटोबियम या जातीच्या कृमीची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकून राहतात आणि तिथे वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो. दाहातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. जोडीला जिवाणूंचा संसर्ग असला तर लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट होते आणि त्यातून नायट्रोसामाइन ही कर्कजनक रसायने तयार होतात. झीज भरून काढायला अस्तराच्या पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे डीएनएला झालेली इजा दुरुस्त होण्याआधीच पेशींच्या पुढच्या पिढीत उतरते. इजिप्तमधील रुग्णांच्या गाठींत पी५३ जनुकात सायटोसिन या डीएनएच्या 'अक्षरा'च्या जागी थायमिन हे दुसरे अक्षर आल्याचे बदल ठळकपणे सापडले, ते या कारणमीमांसेशी जुळतात. दुसरा मोठा घाव नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, ९पी२१ या जागी बसतो. तिथला तुकडा गळाला की पी१६ आणि पी१४एआरएफ ही दोन्ही प्रथिने एकदम जातात. पी१६ गेल्यावर आरबी प्रथिनाचा पेशीविभाजनावरचा लगाम सुटतो, आणि पी१४एआरएफ गेल्यावर शाबूत असलेले पी५३देखील टिकत नाही.

आता चाचणी. पी५३चे स्टेनिंग, म्हणजे ऊतीच्या कापात हे प्रथिन रंगवून पाहणे, 'रंग आला तर वाईट, नाही आला तर चांगले' असे वाचायचे नसते. निरोगी जनुक असलेल्या भागात काही केंद्रके फिकट, काही गडद, असा विस्कळीत रंग दिसतो. एखादे अमिनो आम्ल बदलणाऱ्या उत्परिवर्तनात प्रथिन साचते आणि जवळपास सगळी केंद्रके गडद होतात. पण प्रथिन अर्धवट तुटणाऱ्या किंवा जनुकच गळालेल्या गाठीत रंग अजिबात येत नाही. हा निकाल 'निगेटिव्ह' म्हणून फाइलला लागतो, आणि रुग्ण निर्धास्त होतो! स्टेनिंगच फसले की प्रथिनच नाही, हे ठरवायला शेजारच्या दाहपेशींत फिकट रंग आला आहे का ते पाहावे.

पी१६बाबत वेगळी अडचण. या गाठी केराटिन, तंतू आणि दाहपेशींनी भरलेल्या असतात. आख्खा काप खरवडून डीएनए काढला तर दाहपेशींमधल्या निरोगी प्रती पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीत) वाढतात आणि गळालेले जनुक हजर असल्यासारखे दिसते. म्हणून कर्कपेशींचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा काढावा, किंवा फिश (FISH) या चमकत्या खुणा लावणाऱ्या तपासणीत ९पी२१चे ठिपके त्याच गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरच्या, म्हणजे दोन भुजांमधल्या सांध्याच्या, ठिपक्यांशी ताडून पेशीगणिक मोजावेत.

सर्वांत फसवा आहे तो फॉर्मॅलिनचा, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणाचा, दोष. जास्त काळ बुडवलेल्या ऊतीत सायटोसिन रासायनिकरीत्या बदलून युरासिल होते आणि थायमिनसारखे वाचले जाते, म्हणजे नेमका तोच बदल जो या रोगाची खूण मानला जातो. युरासिल काढून टाकणारे युरासिल-डीएनए ग्लायकोसायलेज हे विकर वापरून बराचसा दोष जातो. मात्र मिथाइल जोडलेले सायटोसिन थेट थायमिन होते, त्याला हे विकर हात लावत नाही. तेव्हा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ४८ तास पुरे, आणि प्रत्येक उत्परिवर्तन दुसऱ्यांदा वेगळ्याने काढलेल्या डीएनएत पुन्हा दिसल्याशिवाय अहवालात घेऊ नये.

ज्या भागांत हा कृमी आहे तिथे प्रतिबंधासाठी लघवीची साधी तपासणीच उपयोगाची. नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत, थोडी हालचाल करून, शेवटच्या थेंबांसह घ्यावा. १० मिलिलिटर लघवी १२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळली की एका टोकाला काटा असलेली अंडी दिसतात. नमुना उन्हात पडून राहिला तर अंडी फुटतात. जुन्या रोगात अंडी लघवीत येणे थांबलेले असू शकते, त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णात अंडी सापडली नाहीत म्हणून कृमीला निर्दोष ठरवू नये, ती बायोप्सीत शोधावी. प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम, एकदाच; कोवळ्या कृमींवर ते फारसे चालत नसल्याने काही आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासावी.

औषधाने कृमी मरतात, गळालेले जनुक परत येत नाही. उपचारानंतरही लघवीतून रक्त जातच राहिले तर जनुकचाचणीची वाट न पाहता सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशयाची आतून तपासणी) करावी. बायोप्सी गाठीच्या पृष्ठभागावरच्या मृत केराटिनमधून न घेता बुडापासून, स्नायूसह घ्यावी.

पुढील पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
विकृतिशास्त्राचा एक अभ्यासक