रविवारच्या अभ्यासवर्गाची आठवण

प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या रविवारी उपासना सुटल्यावर मागच्या खोलीत अभ्यासवर्ग आहे. विषय : ब्रह्मदेशात काम केलेले अमेरिकन मिशनरी अदोनिराम जडसन. फेब्रुवारी १८१२ मध्ये ते आणि पत्नी ॲन अमेरिकेतल्या सेलमहून जहाजाने निघाले. पाठवणारी मंडळी बालबाप्तिस्मा (तान्ह्या मुलांना दिलेला बाप्तिस्मा) मानणारी. वाटेत नवा करार अभ्यासताना जडसन यांचं मत बदललं, बाप्तिस्मा स्वतः विश्वास ठेवणाऱ्यांनीच घ्यावा असं त्यांना वाटू लागलं आणि कलकत्त्यात दोघांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाठवणाऱ्यांचा आधार तुटला, त्यात कंपनी सरकारने देश सोडायला सांगितलं. १८१३ मध्ये ते ब्रह्मदेशात रंगूनला पोचले. (त्यांच्यासोबत नेमलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला आले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात तिथली.)

आपल्याला बोलायचंय ते पुढच्या काळावर. इंग्रज-बर्मी युद्धात जडसन यांना घडलेला तुरुंगवास, १८२६ मध्ये ॲनचा मृत्यू, सहा महिन्यांत लहानग्या मुलीचा. जडसन रानात झोपडी बांधून एकटे राहिले, स्वतःची कबर खणून तिच्या काठाशी बसले. उपदेशात हा भाग सहसा गाळला जातो, ते मला पटत नाही. तिथून सावरून त्यांनी १८३४ मध्ये बर्मी बायबलचं भाषांतर पुरं केलं.

येताना प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचून या. चहा आहे, कप घरून आणा.