पुढचे ठाऊक नसताना

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, तुमचे पत्र मिळून आठ दिवस झाले. त्यात तुम्ही एकच प्रश्न तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारला आहे: नोकरी सोडलीस, ठीक आहे, पण पुढे काय? फोनवर मी या प्रश्नाला दोनदा बगल दिली, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आजही नाही. तरीही उत्तर माहीत नाही म्हणून निर्णय चुकला असे मला वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

घडले ते तुम्हाला ठाऊक आहे. जे काम झालेच नव्हते ते झाले असे दाखवणाऱ्या कागदांवर सही करायला मला सांगण्यात आले, मी नकार दिला, आणि पुढच्या दोन महिन्यांत तिथे टिकून राहणे मला अशक्य होत गेले. नकार देणे फारसे अवघड गेले नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा लहानपणी तुमच्याच पुढे उभी राहून मी पाठ म्हटली होती. तिचा अर्थ कोणाला विचारायला जावे लागले नाही. झोप उडाली ती नकार दिल्यानंतर, कारण आज्ञा कळली होती पण तिच्यामागून काय येणार ते कळत नव्हते.

त्या दिवसांत बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातले शेवटचे वचन माझ्या मनात घर करून राहिले. मवाबात, यार्देन नदीच्या अलीकडे थांबलेल्या इस्राएल लोकांना मोशे सांगतो की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, आणि प्रगट केलेल्या गोष्टी आपल्या व आपल्या मुलाबाळांच्या आहेत, त्या पाळण्यासाठी. हे वचन मी अनेकदा वाचले होते, पण ही एक वाटणी आहे हे तेव्हाच ध्यानात आले. मी मात्र गुप्त भाग आधी दाखव, मग प्रगट भागाचे बघू, असा सौदा मनातल्या मनात मांडून बसले होते.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. ‘ही मुलगी ऐकत नाही’ असे आई म्हणायची तेव्हा माझ्या कानांबद्दल तिची काही तक्रार नसे. इब्री भाषेतला ‘शमा’ हा शब्दही असाच आहे: कानावर घेणे आणि त्याप्रमाणे वागणे हे दोन्ही त्यात येते, आणि नव्या करारात आज्ञापालनासाठी जो ग्रीक शब्द येतो तोही ऐकण्याच्याच धातूपासून झालेला आहे. ऐकण्यासाठी बोलणारा ओळखीचा असावा लागतो. वाटेचा नकाशा हातात असावा लागत नाही. अब्राम, जो पुढे अब्राहाम झाला, हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, आणि त्याला देशाचे नावही सांगितले नव्हते. मी तुला दाखवीन तो देश, एवढेच सांगितले होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने तर त्याचे न-जाणणे मुद्दाम नोंदवले आहे.

पण त्याच अब्राहामाची एक गोष्ट उपदेशात क्वचितच ऐकू येते. पुत्राचे वचन पूर्ण व्हायला उशीर होतो असे पाहून त्याने आणि त्याची बायको सारा हिने दासी हागारेच्या मार्फत आपली व्यवस्था आपणच लावून घेतली. हागारेला इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता, आणि सारेला इसहाक झाला तेव्हा १००. मधली १४ वर्षे त्या उतावळेपणाचा ताण त्या घराने सोसला, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत जिच्याकडे निवडीचा अधिकारच नव्हता त्या हागारेने मोजली. हे लिहिते आहे कारण माझ्याकडूनही असेच होणार होते. एका रात्री मी माघार घेणारा ईमेल लिहून ठेवला होता. पाठवला नाही हे खरे. पण चार दिवस तो पुसलाही नाही, हेही तितकेच खरे.

आई, तू मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायातले अकरावे वचन पाठवलेस. तुझी माया त्यात दिसली. पण आज थोडा वाद घालते, रागावू नकोस. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत असे परमेश्वराने म्हटले ते बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना, आणि त्याच्या आदल्याच वचनात ७० वर्षांची मुदत आहे. म्हणजे ते पत्र ज्यांना वाचून दाखवले गेले त्यांच्यातले बहुतेक जण यरुशलेम पुन्हा न पाहताच मरणार होते. त्यांना सांगितले काय, तर घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. मला लवकरच चांगली नोकरी मिळेल असे आश्वासन त्या वचनात मला सापडत नाही. वाट पाहण्याच्या काळातही जगणे स्थगित ठेवायचे नाही, हे मात्र सापडते, आणि मला सध्या तेच अधिक उपयोगी पडते आहे.

त्याहून मला जवळचा वाटतो तो पुढचा ३२ वा अध्याय. खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या, सैन्याने यरुशलेमाला वेढा घातलेला, यिर्मया राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत, आणि नगर पडणार हे त्यानेच सांगितलेले. अशा वेळी त्याला आज्ञा होते की चुलतभावाचे अनाथोथ येथील शेत विकत घे. त्याने १७ शेकेल चांदी तोलून दिली, आजच्या मापाने जवळजवळ २०० ग्रॅम. साक्षीदारांसमोर खत लिहिले, त्यावर मोहोर केली, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखक बारूख याला सांगितले. शत्रूच्या हाती जाणाऱ्या जमिनीचा हा व्यवहार कोणाही शहाण्या माणसाला वेडेपणाचा वाटला असता, आणि खरे सांगायचे तर यिर्मयालाही तो कळला नव्हता. खत झाल्यावर तो प्रार्थनेला लागतो: परमेश्वराच्या थोरवीचे मोठे वर्णन करतो आणि अखेरीस त्याच्या मनातले बाहेर येते, की नगर तर खास्द्यांच्या हाती गेल्यासारखे आहे, आणि तरी तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस.

हा क्रम मला धीर देतो. शंका त्याने दाबली नाही, आणि शंका फिटेपर्यंत व्यवहारही अडवून ठेवला नाही. त्या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील हे उत्तर मिळाले, पण त्यासाठी यरुशलेम आधी पडायचे होते, आणि ते पडलेच. त्या शेतात यिर्मयाने कधी पीक घेतल्याचा उल्लेख नाही. त्याला तर पुढे इतरांबरोबर मिसर देशात नेण्यात आले.

मंडळीतल्या एका भल्या बाईंनी मला सांगितले की तू आज्ञा पाळलीस, आता देव तुला दुप्पट देईल. त्यांचे प्रेम मी घेतले; हिशेब घेववला नाही. दानीएलाच्या पुस्तकात जळत्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या त्या तिघांनी राजाला सांगितले होते की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्यातला ‘तरी’ मला उच्चारता यावा, एवढीच सध्या माझी प्रार्थना आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने तीन वेळा प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. त्याच्यापेक्षा सोपी वाट मी कोणत्या तोंडाने मागू?

याचा अर्थ मी हातावर हात ठेवून बसले आहे असा घेऊ नका. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत झेलतील, हे सैतानानेही स्तोत्रातले वचन सांगूनच सुचवले होते. मी रोज अर्ज पाठवते, खर्चाची वही ठेवते, आणि शिल्लक किती दिवस पुरेल हे मला ठाऊक आहे. आणखी एक: आज्ञाधारकपणा हा शब्द माझ्या वरिष्ठांनीही माझ्यापुढे अनेकदा वापरला. माणसांची आज्ञा आणि देवाची आज्ञा एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा प्रेषित पेत्राने न्यायसभेत, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे जे उत्तर दिले त्याचाच आधार मी घेतला, जरी तो मला त्याच्यासारखा ठामपणे मांडता आला नाही. माझा आवाज कापत होता.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस प्रभू पेत्राला सांगतो की तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवे तिथे जात होतास. म्हातारपणी तू हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि जिथे तुझी इच्छा नाही तिथे तुला नेईल. ते त्याच्या मरणाविषयी होते हे योहानानेच लिहिले आहे, तरी ते वाचताना मला तुमचे हात दिसतात. डॉक्टरांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवून पाच महिने झाले, आणि आई म्हणते की तुम्ही दर वेळी नवे कारण काढता. दुसऱ्याच्या हाताला धरून चालावे लागेल ही धास्ती मी समजू शकते, कारण माझीही धास्ती तशीच आहे.

त्या बोलण्यानंतर पेत्राने काय केले, आठवते ना? ‘माझ्यामागे ये’ हे ऐकून तो निघाला, तोच वळून दुसऱ्या शिष्याला पाहून म्हणाला, प्रभू, याचे काय? तुमचे पत्र वाचताना मला तो पेत्र आठवला आणि हसू आले, हे तुमच्यापासून लपवत नाही. माझे काय, हे तुम्ही जरूर विचारा. पण डोळ्यांची तारीख आधी घ्या. ती ठरली की लगेच कळवा. मी चार दिवस आधी येईन आणि पट्टी निघून थेंबांचे वेळापत्रक तुमच्या अंगवळणी पडेपर्यंत राहीन. रजा मागायला सध्या कोणी साहेब नाही.

आई, तोपर्यंत संध्याकाळचा शास्त्रपाठ तू मोठ्याने वाचत जा. बाबांना अक्षर दिसत नाही हे ते तुला सांगणार नाहीत.

तुमची,
थोरली