दिल्या, जहाजावर खिडकीवालीच रूम घ्याची

प्रिय दिल्या,

तू म्हणशील आज सुध्याले पत्र लिहाचं काऊन सुचलं. तर व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू नेहमीसारखा अंगठा दाखवून मोकळा झाला असता, म्हणून बसलो लिहाले. वावरातली लाइन (वीज) रात्रीची आहे, बारा वाजता मोटर सुरू कराची आहे, तोपर्यंत जागंच रायनं आहे.

विषय असा का आम्ही दोघं जहाजावर जाऊन रायलो. हसू नको बे. क्रूझ. मुंबईहून निघते ते, कॉर्डेलिया. सुनंदीच्या आणि माह्या लग्नाले यंदा 25 वर्षं होतात आणि संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आधीच विकला, गळ झाली होती पण भाव बरा भेटला, व्यापाऱ्यानं पैसेही वेळेवर देले (हे वाक्य दोनदा वाचजो, पुन्हा लिहाले भेटन का नाही सांगता येत नाही). पोरगा म्हणे बाबा, दरवर्षी बोअर नाही तं पाइपलाइन, एकदा आईले कुठंतरी घेऊन जा ना. मी म्हटलं शेगावले जातोच ना. तं तो चूपच बसला, आणि त्याचं चूप बसणं मले लागलं.

आता आपला समुद्र म्हणजे सिंभोऱ्याचं धरण. नाव पाय कसं, नल-दमयंती सागर. तेरा दरवाजे उघडले का पुरा मोर्शी तालुका भुट्टे खात पाहाले जाते, आपणही गेलतो. त्याच्यापुढचं पाणी मी पायलं नाही. तू पुण्याले गेला आणि कोकणात फिरून आला म्हणून तुले त्याचं काही नाही.

हे जहाज नवंकोरं नाही हे आधीच सांगतो. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं आहे, तेव्हा नाव होतं नॉर्डिक एम्प्रेस, मग एम्प्रेस ऑफ द सीज झालं, अमेरिकेकडं फिरलं, आणि 2021 पासून आपल्याकडं कॉर्डेलिया. म्हणजे आपण दहावीतही नव्हतो तेव्हाचं. सुनंदी म्हणे सेकंडहँड आहे म्हणा की सरळ. मी म्हटलं आपला ट्रॅक्टर काय शोरूममधून आणला का. लांबी दोनशे मीटरच्या वर आहे, आपल्या देवळापासून झेडपीच्या शाळेपर्यंत धर.

खरा घोळ झाला तो रूमचा, त्याच्यासाठीच तुले लिहून रायलो.

रूमा तीन-चार तऱ्हेच्या असतात. सगळ्यात स्वस्त ती आतली, तिले खिडकीच नाही, दिवा बंद केला का दिवसाही अमावस्या. मग समुद्र दिसते ती, तिले खिडकी असते पण ती उघडत नाही, काच पक्की बसवलेली. मग बाल्कनीवाली, तिचा भाव ऐकून मी फोन ठेवून देला. मी हिशोबी माणूस, म्हटलं रूममध्ये झोपाचंच तं आहे, दिवसभर वर डेकवर बसू, जेवण सगळ्याले एकच, पोहाचा टँक एकच, गाण्याचा कार्यक्रम एकच, मग खिडकीचे पैसे कायले द्याचे. आतलीच सांगून टाकली एजंटले.

संध्याकाळी सुनंदीले सांगतलं. ती भाकर थापत होती. थापता थापता हात थांबला आणि म्हणे, वाटण्या झाल्या तेव्हा माह्या स्वयंपाकघराची खिडकी भासऱ्यांच्या (माह्या मोठ्या भावाच्या) वाट्याले गेली, त्यायनं भिंत घातली, एकोणीस वर्षं झाली मी भिंतीकडं तोंड करून भाकरी टाकतो, आता पैसे देऊन भिंतीकडं तोंड करून झोपू का? बस, एवढंच बोलली आणि भाकर तव्यावर टाकली. दिल्या, ती खिडकी पूर्वेकडं होती, सकाळचं ऊन थेट चुलीवर पडे. मी विसरून गेलतो. ती नव्हती विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एजंटले फोन केला, खिडकीवाली कर म्हटलं. तिथं दुसरा घोळ. आदल्या दिवशी दोघांचे 46 हजार सांगतले होते, मी मनात धरून बसलो. खिडकीचे वाढतील हे मान्य, पण कागद आला तं त्यात पोर्ट चार्ज वेगळा, जीएसटी वेगळा, जहाजावरच्या लोकांची बक्षिशी वेगळी, सगळं मिळून 67 हजार. म्हटलं भाऊ, हे काल काऊन नाही सांगतलं. म्हणे सर, सगळेच असंच सांगतात. एजंटचं नाव लिहित नाही, लग्नात भेटते तो आपल्याले. तुले एवढंच सांगतो का बोलणं करताना पहिलाच प्रश्न इचारजो, सगळं धरून शेवटचा आकडा किती. आणि दारू, स्पा, काही खास हॉटेलं असतात आतमध्ये, ते तिकिटात नाही. साधं जेवण आहे, व्हेज आहे, जैनसुद्धा भेटते, उपाशी नाही मरत.

तारखेचं असं. पावसाळ्यात मुंबईहून जहाज बंदच रायते, समुद्र खवळलेला असते, तेव्हा ते चेन्नईकडं नेतात. दिवाळी-नाताळात भाव आभाळाले. संक्रांत झाली पाहिजे आणि शेगावच्या प्रकटदिनाच्या आत घरी आलं पाहिजे, ही सुनंदीची अट, त्यात बदल नाही. तुहं बारावीचं पोट्टं फेब्रुवारीत परीक्षेले बसन, म्हणून जानेवारीचा तिसरा आठवडा मी धरून ठेवला. पाहिजे होतं लक्षद्वीप, तिथं म्हणते जहाज दूर उभं रायते आणि छोट्या होडीतून बेटावर नेतात, पाण्यात खालचं सगळं दिसते, परमिट लागते पण ते जहाजवालेच काढतात. पण मायमुळे ते कॅन्सल केलं. मुंबई-गोवा-मुंबई घेतलं.

माय येऊन नाही रायली, पण तिची भीती येऊन रायली आमच्यासोबत. गावात जहाज म्हटलं का बाकीच्याले टायटॅनिक आठवते, मायले आपल्या नदीवरचं झुंज हे ठिकाण आठवते. सप्टेंबर 2021, वर्धा नदीत नाव पलटली, अकरा माणसं गेली. तिथं आपण लहानपणापासून जातो, ते पाणी माहितीचं आहे. माय म्हणे नदीनं एवढं केलं तं समुद्र काय नाही करन. होडीचं नाव काढलं असतं तं तिनं अन्न सोडलं असतं. मग मी तिले बसवून सांगतलं का त्या नावेत जाकीट नव्हतं, इथं प्रत्येकाच्या रूममध्ये जाकीट असते, निघाच्या आधी सगळ्याले जमा करून, कुठं उभं रायचं, कोणत्या बोटीत चढाचं, सगळं दाखवतात. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं मोठं जहाज खडकाले घासून आडवं झालं, 32 लोकं मेले, त्या दिवशी चढलेल्या लोकायची ही ड्रिल झालीच नव्हती, तेव्हापासून नियम कडक झाला. हे मायले सांगाले नव्हतं पाहिजे. 32 आकडा ऐकून तिनं रात्री देवापाशी दोन दिवे लावले.

आता तुह्या कामाचं. चिखलदऱ्याच्या घाटात एस्टीत तू हरमकरच्या पांढऱ्या शर्टवर काय केलं होतं ते मी विसरलो नाही, हरमकरही नसन विसरला. म्हणून तुह्यासाठी इचारून ठेवलं. जहाजात हालणं सगळ्यात कमी कुठं लागते तं मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर, टोकाले आणि वरती जास्त. पाण्याखाली त्याले दोन्हीकडं पंखासारखं काहीतरी असते, डोलणं कमी करते. अव्होमिन घ्याची तं मळमळ सुरू व्हाच्या आधी घ्याची, सुरू झाल्यावर काय उपयोग, डॉक्टरले मात्र इचारून घे, झोप येते त्यानं. आणि डोकं फिरलं का मोबाईल पाहत बसाचं नाही, डेकवर जाऊन दूर आभाळ-पाणी मिळते ती रेघ पाहाची. म्हणजे खिडकीवाली रूम तुलेही फायद्याची, मी उगाच नाही म्हणून रायलो.

मोबाईलवरून आठवलं. समुद्रात शिरलं का रेंज गेली, आणि चालू ठेवला तं जहाजाचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येते, म्हणून फ्लाइट मोडवर टाकाचा. माह्या मोटरचा स्टार्टर मोबाईलवर आहे, घरून मिसकॉल दिला का वावरातली मोटर सुरू. आता मी अरबी समुद्रात आणि मृग बहाराच्या झाडाले पाणी कोण देईन? पुतण्याचा नंबर टाकून देला त्यात. भासऱ्यांचाच पोरगा, ज्यायनं भिंत घातली त्यायचा. हो म्हणे काका, बिनधास्त जा.

बॅगेत इस्त्री चालत नाही, घरचं खाचं चालत नाही. सुनंदीनं शेवाचा डबा भरायची तयारी केली होती, तिचं तोंड पाहण्यासारखं झालतं. आता तो डबा रेल्वेत संपवाचा ठरला, अमरावती-मुंबईचं रिझर्व्हेशन पाहून रायलो, सकाळी सीएसटीले उतरलं का धक्का तिथून जवळच आहे. पण मी एक दिवस आधीच जातो. जहाज म्हणजे एस्टी नाही, का फाट्यावर हात केला आणि कंडक्टरनं घंटी मारली. चढाचं बंद करतात निघाच्या कितीतरी आधी.

मले एकट्याले करमणार नाही बे तिथं. सुनंदी वहिनीसंग बोलत बसन आणि मी काय इंग्रजी बोलणाऱ्या लोकायसंग पोहाच्या टँकात उभा राहू का? तुही आणि वहिनीची रूम आमच्या बाजूची ठेवाले सांगतली आहे, रविवारपर्यंत इसार पाठवावा लागते नाही तं ती जाते. दोघायच्या आधारचे फोटो पाठव, पुढचा-मागचा दोन्ही. देशातल्या देशात आहे, पासपोर्ट नाही लागत. वहिनीले इचार, पण ‘सुध्या म्हणते’ असं म्हणू नको, ती तेव्हापासून माह्यावर चिडून आहे.

सुनंदीनं काल गुपचूप पोराले फोन करून इचारलं का खिडकी कोणत्या दिशेले येते. तो म्हणे आई, जहाज फिरत असते, रोज वेगळी येईन. तं म्हणे, एक दिवस तरी पूर्वेले येईन ना.

मोटरची वेळ झाली. उठतो.

तुहा,
सुध्या